शनिवार-रविवार कोरडा जाईल का? पुणे, सातारा आणि आसपास

खटावचा_पोरगा | गुरुवार, रात्री ९:१२

मंडळी, सरळ विचारतो. येत्या शनिवार-रविवारी साताऱ्याच्या पूर्व भागात पाऊस येईल का?

मी नोकरीला पुण्यात, घर खटाव तालुक्यात पुसेगावजवळ. घरी आई-आबा दोघंच. दोन एकर सोयाबीन उभं आहे, जेएस ३३५ वाण. पानं गळून गेलीत, शेंगा तांबूस झाल्यात, झाड हलवलं की आतले दाणे वाजतात. आणखी आठवडाभर ठेवलं तर शेंगा रानातच तडकणार. गणपती गेल्यापासून आमच्याकडे थेंब नाही. दिवसा ऊन नुसतं भाजून काढतंय आणि पहाटे दव इतकं, की सरीतून चालत गेलं तर विजार गुडघ्यापर्यंत भिजते.

कापणाऱ्या बायकांची टोळी शनिवारीच मोकळी आहे, एरवी त्या आल्याच्या रानात भांगलणीला असतात. मळणी मशीनवाला रविवारी दुपारनंतर येतो म्हणाला. म्हणजे शनिवारी कापलेलं पीक रविवार संध्याकाळपर्यंत उघड्यावर. मोबाईलमधली दोन अ‍ॅप दोन गोष्टी सांगतात. एकात दोन्ही दिवस लख्ख सूर्य, दुसऱ्यात शनिवारी दुपारी चारला ढग आणि वीज. आबा म्हणतात हस्त लागतोय, भरवसा धरू नको. आई म्हणते ऊन आहे तोवर काढून घ्या.

तुमच्याकडे आकाश काय म्हणतंय ते लिहा. ज्यांना यातलं कळतं त्यांनी समजावूनही सांगा.

रानवाटा | गुरुवार, रात्री ९:३५

गेल्या रविवारी सिंहगडावर होतो. हवा इतकी स्वच्छ होती की राजगड-तोरणा हाताशी आल्यासारखे दिसत होते, राजगडाची सुवेळा माचीसुद्धा वेगळी ओळखू येत होती. पावसाळाभर धुक्यात चाचपडल्यावर हे दोन-तीन आठवडे म्हणजे भटक्यांसाठी सोनं. शनिवारी आमचा रायरेश्वर ठरलाय. त्यामुळे माझं मत विचाराल तर कोरडा जावो!

पण दुपारी बारानंतर कड्यावर उभं राहवत नाही एवढं ऊन आहे. जे कोणी जाणार असतील त्यांनी माणशी तीन लिटर पाणी घ्या. ओढे-झरे अजून वाहत असतील असं समजून त्यांच्यावर विसंबू नका, यंदा लवकर आटलेत.

आजोळची_वाट | गुरुवार, रात्री ९:४१

वाचतेय. आमचंही सोयाबीन उभं आहे, कोरेगाव बाजूला.

ढगोबा | गुरुवार, रात्री १०:२०

पोरा, जरा विस्ताराने लिहितो.

पाऊस थांबला म्हणजे मान्सून परतला असं नसतं. पश्चिम राजस्थानातून तो माघारी फिरायला लागण्याची सरासरी तारीख १७ सप्टेंबर. पुण्यातून निघण्याची ९ ऑक्टोबर, मुंबईतून ८ ऑक्टोबर. या तारखा हवामान खात्याने २०२० साली नव्याने ठरवल्या. आधी राजस्थानची तारीख १ सप्टेंबर होती आणि मुंबईची २९ सप्टेंबर. राजस्थानात सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता घटली आणि जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर वारे उलटे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला लागले, की मान्सून परतायला लागला असं जाहीर होतं. आपल्याकडे सध्या आहे तो पावसाचा खंड. मान्सून अजून अंगणात आहे.

आता शनिवार दुपारच्या त्या ढगाचं. आकाश निरभ्र, ऊन कडक, पण जमिनीत अजून ओल. त्यामुळे दुपारपर्यंत खालची हवा तापते, बाष्प घेऊन वर जाते. या दिवसांत वारे हळूहळू पश्चिमेचे पूर्वेकडे वळतात आणि बंगालच्या उपसागरावरून थोडं बाष्प आणतात. दोन्ही जुळून आलं की तीन-चारच्या सुमाराला एखादा ढग उभा वाढतो, गडगडतो, अर्धा-पाऊण तास कोसळतो आणि विरून जातो. त्याचा घेर फार तर पाच-दहा किलोमीटरचा. एका गावात पाणी तुंबतं, शेजारच्या गावात धुरळा उडत असतो.

म्हणूनच तुमची दोन अ‍ॅप भांडतायत. ती जगभराचं गणित चौकटी पाडून करतात. खटावचा तो एकच ढग त्या चौकटीत नेमका पकडणं अवघड.

हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज वाचताना शब्द नीट बघा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५. त्याच्या पुढे ‘बहुतांश ठिकाणी’. शनिवारसाठी साताऱ्याला ‘तुरळक ठिकाणी’ आहे. म्हणजे तुमच्या शेतावर न पडण्याचीच शक्यता जास्त, पण शून्य म्हणता येणार नाही.

लोअरपरळ | गुरुवार, रात्री १०:४८

तुमच्याकडे पहाटे दव तरी पडतंय. इथे मुंबईत रात्रीसुद्धा उकाडा हटत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून निघालो की स्टेशन येईपर्यंत पाठीला चिकटतो. ऑक्टोबर अजून लागलाही नाही आणि ऑक्टोबर हीट आली. ढगोबा, हे दरवर्षी का होतं?

ढगोबा | गुरुवार, रात्री ११:०५

@लोअरपरळ, मुंबईला वाचवतो तो समुद्रावरून येणारा वारा. पावसाळ्यात तो दिवसभर असतो. मान्सून ढिला पडला की सकाळी जमिनीवरचा पूर्वेचा वारा वाहतो आणि समुद्राच्या वाऱ्याला लवकर आत येऊ देत नाही. तो दुपारी उशिरा आला तर तोवर पारा ३५-३६ वर गेलेला असतो. वर ढग नाहीत, हवेत मात्र दमटपणा, म्हणून घाम वाळतच नाही. पुण्यात हवा कोरडी, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते आणि पहाटे पांघरूण ओढावं लागतं.

सुमनताई_वाई | शुक्रवार, सकाळी ७:१५

मला तर हे ऊन हवंच आहे. नवरात्र आलं. घटस्थापनेच्या आत घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी, पडदे धुवून झाले पाहिजेत. आमच्याकडे अजून कृष्णेवर जातो आम्ही बायका. जाड गोधडी भिजली की दोघींना उचलत नाही, धोपटून पिळायला चौघी लागतात. मग घाटाच्या तापलेल्या दगडावर अंथरायची. वरून दोन तासांत कोरडी वाटते, पण आतल्या जुन्या लुगड्याच्या थरांत ओल राहते. उलटून दुसरी बाजू पुन्हा तेवढीच तापवावी लागते. घाईनं घडी घातली की आठ दिवसांत कुबट वास आणि काळे ठिपके. ते पुन्हा कशानं जात नाहीत.

मागच्या वर्षी ऐन धुण्याच्या दिवसांत झड लागली होती. ओल्या गोधड्या माजघरात पंख्याखाली वाळवल्या. यंदा रविवारी आम्ही सगळ्याजणी जाणार आहोत. पाऊस नको गं बाई.

माणदेशी | शुक्रवार, सकाळी ८:०२

सगळे पाऊस नको, पाऊस नको म्हणताय. राग नका मानू, पण वाचून जीव तुटला म्हणून लिहितो.

आमचा माण तालुका. खरिपाची बाजरी निम्मी करपली. आता सगळी भिस्त शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर. ज्वारी पेरायची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. रान नांगरून, कुळवून तयार आहे, खत बांधावर आहे, बियाणं घरात आहे. रानात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नाही. वरचं दोन बोट ढेकूळ झालंय आणि खाली हात घातला तर कोरडं ठणठणीत. रब्बीची ज्वारी वरच्या पावसावर येत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. ती ओल आता भरली नाही तर दिवाळीनंतर कोणता पाऊस येणार आहे?

महाबळेश्वर आणि आम्ही एकाच जिल्ह्यात. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्याकडे पाचशेच्या आसपास. त्यातला मोठा वाटा याच दिवसांत, परतीच्या पावसात. २०१८ ला सप्टेंबर-ऑक्टोबर असाच गेला होता. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. छावणीत जनावरं बांधून आम्ही कसे दिवस काढले ते आम्हालाच माहीत.

तुमच्या सोयाबीनचं नुकसान व्हावं असं मनातसुद्धा नाही. पण आमच्यासाठी हा शनिवार भरून यावा अशीच प्रार्थना आहे.

खटावचा_पोरगा | शुक्रवार, सकाळी ८:३०

@माणदेशी, दादा, राग कसला. आमचाही निम्मा तुकडा शाळूचाच आहे, सोयाबीन निघालं की त्याच रानात पेरणार. त्यामुळे मलाही पाऊस हवाय, फक्त सोमवारपासून. तुमचं गाव आमच्यापासून फार तर तीस किलोमीटर असेल, आणि दोघांच्या गरजेत दोनच दिवसांचं अंतर आहे.

तात्या_६४ | शुक्रवार, सकाळी ९:१०

आबांचं ऐक. हस्ताचा पाऊस सांगून येत नाही, गडगडत येतो. ‘पडेल हत्ती तर पडतील भिंती’ असं जुनी माणसं म्हणायची ते मातीच्या घरांच्या काळात खरंच घडायचं. आणि शाळूवाल्यांनी धीर सोडू नये. हस्तानंतर चित्रा आहे, मग स्वाती. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’.

भाकरतुकडा | शुक्रवार, सकाळी ९:२८

तात्या, नक्षत्रं आणि वाहनं बघून पाऊस पडत असता तर वेधशाळा कशाला लागल्या असत्या? यंदा पूर्वाचं वाहन बेडूक होतं म्हणे, कुठे पडला?

तात्या_६४ | शुक्रवार, सकाळी ९:५०

वाहनाचं मीही मानत नाही. पण नक्षत्राचं तसं नाही. सूर्य दरवर्षी त्याच सुमाराला त्या नक्षत्रात जातो. हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास, चित्रा १० ऑक्टोबरच्या, स्वाती २४ च्या. साधारण तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा. शेतकऱ्याकडे छापील कॅलेंडर नव्हतं, म्हणून कोणत्या कप्प्यात कसा पाऊस येतो हे त्यानं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं. हस्तात विजांचा, दुपारचा, जोरकस पाऊस येतो हे त्यातूनच आलं. काल ढगोबांनी शास्त्रानं सांगितलं ते आणि हे, दोन्हींत भांडण कुठे आहे?

ढगोबा | शुक्रवार, सकाळी १०:३०

तात्यांना अनुमोदन. नक्षत्रावरून ऋतूचा स्वभाव कळतो. या शनिवारी दुपारी पुसेगावात काय होणार हे कळायला मात्र त्या दिवशीचं आकाश, रडार आणि उपग्रहाची चित्रंच लागतात. इन्सॅटची चित्रं दर अर्ध्या तासाने येतात, कोणालाही बघता येतात.

पुण्यातल्या मंडळींसाठी अवांतर: शिवाजीनगरची आपली वेधशाळा, जिला जुने लोक ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, ती १९२८ पासून तिथे आहे. हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं तेव्हाची इमारत. तिथे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, मागच्या चोवीस तासांचा. म्हणजे शनिवारी दुपारी पडलेला पाऊस रविवारच्या आकड्यात दिसतो. ‘शनिवारी पाऊस शून्य’ असं वाचून भांडायला येऊ नका!

फुलवेडी | शुक्रवार, सकाळी ११:१५

कासला जायचं असेल तर याच शनिवार-रविवारी जाऊन या, पुढच्या आठवड्याचा भरवसा नाही. कालच आलो. पठारावर माती वीतभरही नाही, खाली जांभा दगड. पाऊस थांबला की चार-पाच दिवसांत वरचा ओलावा संपतो. सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुलं तर पाण्याच्या पातळ थरातच वाढतात, ती बहुतेक ठिकाणी सुकून गेलीत. गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांची जागा तपकिरी काड्यांनी घेतलीय. तेरडा सावलीच्या कडेला तग धरून आहे. सोनकी मात्र जोरात, सातारच्या बाजूने चढताना दोन्हीकडे पिवळंधमक.

२०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. गर्दी वाढली, म्हणून आता आधी नोंदणी करून जावं लागतं. आणि कृपा करून कुंपणाच्या आत बसून फोटो काढू नका. ओल्या वर्षात चिरडलेलं रोप थोडंफार सावरतं, कोरड्या वर्षात त्याला बी धरायलाच वेळ मिळत नाही. बी नाही तर पुढच्या वर्षी फूल कुठून येणार?

रानवाटा | शुक्रवार, सकाळी ११:३२

फुलवेडी, शेवटचं वाक्य आमच्या ग्रुपवर टाकतोय.

वऱ्हाडी_ठेचा | शुक्रवार, दुपारी १:०५

भाऊ, सोयाबीनचा प्रश्न बाजूलाच राहिला. मी वाशीमचा, आमच्याकडे सोंगणी म्हणजे कापणी सुरू आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो.

सकाळी दव असताना सोंगा. दवानं शेंग नरम असते, तडकत नाही. अकरा वाजले की हात थांबवा, कडक उन्हात ओढलं की निम्मे दाणे जमिनीवर. सोंगलेलं एका ठिकाणी मोठं रचू नका, छोटे छोटे ढीग घाला, वारा खेळला पाहिजे. दुपारी तीननंतर ढग दिसले तरच गोळा करून उंचवट्यावर सुडी घाला आणि ताडपत्री टाका. ताडपत्रीच्या कडांवर दगड किंवा मातीच्या पिशव्या, नाहीतर पावसाआधीचं वारंच ती घेऊन जातं. सकाळी ताडपत्री काढायला विसरू नका, आत वाफ धरते आणि दाणे पिवळ्याचे मळकट होतात.

ढीग ओला झालाच तर? पसरायचा, उलथायचा, पूर्ण वाळल्याशिवाय मशीनमध्ये घालायचा नाही. ओल्यात मळणी केली की दाणा चेपतो. २०२० च्या ऑक्टोबरात आमच्या गावात ज्यांच्या सुड्या उघड्या होत्या त्यांच्या शेंगांतच कोंब आले होते. व्यापारी हातात घेऊन बघायलाही तयार नव्हता.

हमीभावाला ओलाव्याची अट १२ टक्के आहे. मधे २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल केली होती, पण त्यावर विसंबू नका. घरच्या घरी तपासायचं तर दाणा दाताखाली धरा. कट्‌ आवाज करून फुटला तर बरोबर, दात रुतला तर अजून दोन उन्हं द्या.

आजोळची_वाट | शुक्रवार, दुपारी १:२२

हे उत्तर जपून ठेवलं. दादा, बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर?

वऱ्हाडी_ठेचा | शुक्रवार, दुपारी १:४०

ताई, मशीनच्या ड्रमचा वेग कमी ठेवायला सांगा आणि पोती एकावर एक जास्त रचू नका. सोयाबीनचं साल लई पातळ, आपटलं की उगवण गेली. जमलं तर बियाण्यापुरतं काठीनं झोडून घ्या.

चिपळूणची_लेक | शुक्रवार, दुपारी ३:१०

आमच्याकडे हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पिवळं झालंय. कापणीला दसऱ्यापर्यंत कोरडं हवं, पण उशिरा येणाऱ्या गरव्या भाताला दाणा भरायला एक सर अजून हवीय. एकाच शेतकऱ्याच्या खालच्या मळ्याला पाऊस हवा आणि वरच्या वरकस जमिनीला नको. बाबा दोन्ही बाजूंनी आकाशाकडे बघत बसलेत. इकडे घाटाच्या दिशेने रोज संध्याकाळी ढग उभे राहतात, वीज चमकते, आवाज येत नाही, पाऊसही येत नाही.

सॅनहोजेकर | शुक्रवार, सायंकाळी ५:५०

कॅलिफोर्नियातून वाचतोय. इथे मे ते ऑक्टोबर पाऊस जवळपास नसतोच, त्यामुळे कोरडा शरद म्हटलं की आम्हाला वणव्यांची धास्ती. जमिनीकडून कोरडे वारे सुटले की वीज कंपन्या तारांमधून ठिणगी नको म्हणून वीजच बंद करतात. गोधड्या, शाळू, दव वाचून घराची फार आठवण आली. भोंडला इथेही करतो आम्ही, फक्त हस्त कोरडा असतो.

भाकरतुकडा | शुक्रवार, सायंकाळी ६:०५

भोंडल्यावरून आठवलं, खिरापतीत काय काय करतात तुमच्याकडे? आमच्या सोसायटीत उद्यापासून पाटावर हत्ती मांडायचाय.

सुमनताई_वाई | शुक्रवार, सायंकाळी ६:४०

पहिल्या दिवशी भिजवलेली डाळ, वाटल्या कैरीच्या जागी लिंबू पिळून. पुढे रोज एकेक, सुकी भेळ, शेंगदाण्याची चिक्की, तिखटमिठाच्या पुऱ्या. ओळखता येऊ नये असंच काहीतरी करायचं. भोंडल्यासाठी वेगळा धागा काढा बाई, इथे पोराचं सोयाबीन राहून जाईल.

खटावचा_पोरगा | शुक्रवार, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. गावी पोचलो. आई-आबांबरोबर बसून असं ठरवलंय: दोन एकर एकदम पाडायचं नाही. सकाळी सहा ते अकरा जेवढं होईल तेवढं, साधारण सव्वा एकर. तेवढं झाकायला पुरतील इतक्या ताडपत्र्या आहेत, दोन चुलत्यांकडून आणल्या. मशीनवाला रविवारी सकाळीच यायला तयार झाला, त्याच्या एका गिऱ्हाईकाचं रद्द झालं. उरलेलं पुढच्या शनिवारी, किंवा टोळी मिळाली तर मधेच.

ढगोबा | शुक्रवार, रात्री ९:२५

उत्तम. उद्या अकरा वाजता पूर्व-दक्षिणेला बघा. तेव्हाच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कडा ठळक असलेले ढग दिसायला लागले तर दुपार धोक्याची. उंचावर विस्कटलेले, पिसासारखे ढग असतील तर काळजी नको.

आणि एक कळकळीचं. गडगडाट ऐकू आला की बायकांना रानातून लगेच घरात न्या. झाडाखाली थांबू देऊ नका, ताडपत्री टाकायची राहिली तर राहू दे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आजूबाजूला वीज पडतेय का ते दाखवतं, ते फोनमध्ये घालून ठेवा. पीक पुढच्या वर्षी येतं.

माणदेशी | शुक्रवार, रात्री ९:३३

शेवटच्या ओळीला हात जोडून अनुमोदन. आमच्या शेजारच्या वस्तीवर असंच झाडाखाली एक जोडपं गेलं होतं.

खटावचा_पोरगा | शनिवार, सायंकाळी ६:४५

धावती बातमी. अकराला काम थांबवलं, सव्वा एकराला थोडं कमी झालं. ढग साडेबाराला उभे राहिले, ढगोबा म्हणाले तसेच, कडा अगदी कापल्यासारख्या. तीनला पहिला गडगडाट. टोळी तोवर चहा पिऊन घरी गेली होती, ढीग झाकलेले होते. सव्वातीनला असं वारं सुटलं की एका ताडपत्रीचं टोक दगडासकट उचललं गेलं. मग बोटांवर मोजावे एवढे थेंब. मातीचा वास आला आणि संपलं. औंधच्या बाजूला मात्र आकाश काळंभोर होतं, मामाचा फोन आला, तिथे ओढ्याला पाणी आलंय.

माणदेशी | शनिवार, सायंकाळी ७:१०

आमच्याकडे नुसता वारा. दहिवडीच्या पलीकडे वीज दिसली.

रानवाटा | शनिवार, रात्री ८:००

रायरेश्वरावर दिवसभर ऊन. उतरताना महाबळेश्वराच्या अंगाला ढग होते. पठारावरच्या घरातल्या आजींनी ताक दिलं, त्यांचं नाचणीचं पीक छान उभं आहे. त्याही विचारत होत्या, खाली पाऊस झाला का म्हणून.

सुमनताई_वाई | रविवार, दुपारी २:३०

सगळ्या गोधड्या वाळल्या. दोन्ही बाजूंनी.

खटावचा_पोरगा | रविवार, सायंकाळी ५:२०

मळणी झाली. दाणा दाताखाली कट्‌ वाजतोय. उरलेल्या तुकड्यासाठी मंगळवारी चौघीजणी यायला तयार आहेत. @माणदेशी दादा, आता खरोखर मनापासून, तुमच्याकडे पडू दे. आणि मला सांगा, आमच्या मोकळ्या झालेल्या रानात ओल जेमतेम आहे. शाळू आत्ताच टाकू की थांबू?

माणदेशी | रविवार, सायंकाळी ६:१५

रान कसलं आहे त्यावर आहे. भारी काळी जमीन असेल आणि चार बोटांखाली मूठ वळत असेल तर टाकून द्या, बी दोन-अडीच इंच खोल गेलं पाहिजे, ओलीला टेकलं पाहिजे. मालदांडी किंवा फुले वसुधा. मुरमाड, हलकं असेल तर फुले अनुराधा घ्या, कमी पाण्यात लवकर येते. किलोला चार ग्रॅम गंधक चोळा, काणी रोग येत नाही. ओळीत दीड फूट ठेवा, दाट पेरलं की ओल लवकर संपते.

मग कोळपण्या चुकवू नका. तिसऱ्या आठवड्यात फटीचा कोळपा, पाचव्या आठवड्यात पासाचा, आठव्या आठवड्यात दातेरी. काळं रान भेगाळायला लागलं की त्या भेगांतूनच ओल उडते, कोळप्यानं भेगा बुजतात. पाऊस नसला तरी एवढं आपल्या हातात आहे. मूठ वळत नसेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत वाट बघा. मी बघतोय.

ढगोबा | रविवार, रात्री ९:४०

@माणदेशी, बुधवारपासून पूर्वेचे वारे जोर धरतील असं दिसतंय, बंगालच्या उपसागरात हालचाल आहे. साताऱ्याच्या पूर्व भागासाठी अंदाज ‘तुरळक’वरून ‘काही ठिकाणी’वर गेलाय. आज एवढंच खात्रीने सांगता येतं. मंगळवारी रात्री पुन्हा लिहितो.

माणदेशी | रविवार, रात्री ९:५२

लिहा. पेरणीच्या पाभरीचे फण लोहाराकडून धार लावून आणलेत, बियाण्याला गंधक उद्या लावतो. आणि @खटावचा_पोरगा, मंगळवारचं कापलेलं बुधवार दुपारच्या आत मळून घ्या, मशीनवाल्याला आत्ताच फोन लावा.